थंडीत सकाळी सेल्फ अडखळतो : बॅटरी बदलावी, सेल्फ बदलावा की आधी काही तपासावे?

प्रश्न – सोमेश्वर_परिसर

नमस्कार. माझ्याकडे २०१८ सालची, पेट्रोलवर चालणारी मॅन्युअल गिअरची हॅचबॅक आहे. नाशिकला सोमेश्वरच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला आमची सोसायटी आहे. तेथे छताखालचे पार्किंग नसल्याने गाडी रात्रभर उघड्यावर उभी असते. डिसेंबरमध्ये पारा दहा अंशांच्या खाली उतरू लागला तेव्हापासून पहाटे गाडी सुरू करताना त्रास होत आहे. चावी फिरवली की सेल्फ (इंजिनाला सुरुवातीचा फेरा देणारी मोटर) फिरतो, पण नेहमीसारखा सलग न फिरता ‘घर्र… घर्र…’ असा दमत, ओढत फिरतो; कधी मध्येच अडल्यासारखा होतो आणि मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन धरते. एकदा सुरू झाल्यावर मात्र काहीही तक्रार राहत नाही. धूर नाही, झटके नाहीत, डॅशबोर्डवर इशाऱ्याचा कोणताही दिवा नाही. दुपारी सातपूरहून घरी निघताना हीच गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते.

बॅटरी साधारण तीन वर्षांपूर्वी नवी टाकली होती. एका गॅरेजमध्ये ‘बॅटरीचे आयुष्य संपले, नवी टाका’ असे सांगितले गेले. दुसऱ्या ठिकाणी ‘बॅटरी चांगली आहे, सेल्फ उतरला आहे’ असे निदान झाले. दोन्हीकडे बॉनेट उघडून पाहिले, गाडी सुरू करून आवाज ऐकला, पण मीटर कोणीही लावले नाही. शिवाय दोन्ही वेळा गाडी दुपारी, म्हणजे इंजिन गरम असतानाच तपासली गेली. दोन्ही खर्च करून पाहावेत इतकी माझी ऐपत नाही, आणि तसे करणे मला योग्यही वाटत नाही.

आणखी दोन गोष्टी नोंदवतो, कारण त्यांचा संबंध असू शकेल. दिवाळीत गाडीला डॅशकॅम बसवून घेतला आहे. गाडी बंद असतानाही तो वीज घेत राहतो का, याची मला खात्री नाही. तसेच गेल्या सर्व्हिसिंगच्या बिलावर १५डब्ल्यू-४० ऑइल भरल्याचे दिसते, गाडीच्या पुस्तिकेत मात्र ५डब्ल्यू-३० लिहिले आहे.

वडिलांना डायलिसिससाठी पहाटेची वेळ मिळाली आहे आणि ती चुकवता येत नाही, म्हणून हा प्रश्न जरा कळकळीने विचारत आहे. नेमका दोष कोठे आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे? नाशिकच्या थंडीत पेट्रोलच्या गाडीने असा त्रास देणे स्वाभाविक मानावे का? आणि सुरू झाल्यावर गाडी किती वेळ जागेवर गरम होऊ द्यावी?


उत्तर – अंबड_ऑटोइलेक्ट्रिक

आपण लक्षणे नेमकेपणाने लिहिली आहेत, त्यामुळे बरेच काम सोपे झाले आहे. थंडीत गाडी सुरू होत नाही असे सांगणाऱ्या प्रत्येकाला मी सर्वप्रथम एवढेच विचारतो की सेल्फ हळू फिरतो, की सेल्फ जोरात फिरूनही इंजिन धरत नाही. हे दोन आजार पूर्णपणे वेगळे आहेत. सेल्फ जोमाने फिरत असेल आणि इंजिन पेट घेत नसेल तर इंधन, प्लग किंवा सेन्सर यांकडे पाहावे लागते. सेल्फच दमत असेल तर दोष विजेच्या वाटेवर असतो : बॅटरी, तिचे टर्मिनल, जाड केबल, अर्थिंग (इंजिनापासून गाडीच्या बॉडीमार्फत बॅटरीच्या निगेटिव्हकडे विजेची परतीची वाट) आणि सर्वांत शेवटी सेल्फची मोटर. आपली गाडी या सेल्फ दमण्याच्या प्रकारात मोडते, त्यामुळे प्लग, इंजेक्टर वगैरे गोष्टींचा विचार तूर्तास बाजूला ठेवावा.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आठ-दहा अंशांची थंडी धडधाकट गाडीला अडवू शकत नाही. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते हे खरे. परंतु शून्य अंशाला बॅटरीची क्षमता साधारण एक पंचमांशाने घटते, आणि आपण शून्यापासून बरेच वर आहोत. त्याच वेळी इंजिनातील ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला जास्त जोर लावावा लागतो. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरी चांगल्या बॅटरीकडे त्याहून कितीतरी अधिक ताकद शिल्लक असते. मग त्रास हिवाळ्यातच का होतो? कारण बॅटरीचे खरे नुकसान एप्रिल-मेच्या उन्हात होते. पारा चाळिशीला टेकतो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते, आणि त्या उष्णतेत प्लेटांची झीज वेगाने होते व पाणी उडते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ऑइल पातळ असल्याने कमजोर झालेली बॅटरीही गाडी उचलून नेते. डिसेंबरच्या पहिल्या गार पहाटे ती उघडी पडते. केबल आणि अर्थिंगचेही तसेच आहे : पावसाळ्यात गंज धरतो आणि तो कळतो हिवाळ्यात. म्हणून ‘थंडी आहे, चालायचेच’ असे म्हणून सोडून देऊ नका, आणि अंदाजाने भागही बदलू नका.

साधा डिजिटल मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो घ्या आणि पहाटे, गाडी थंड असतानाच पुढील मोजमापे करा. दुपारी केलेल्या मोजमापाचा या बाबतीत उपयोग नाही.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे दार उघडून बॉनेट सैल करा, आतले दिवे विझेपर्यंत थांबा आणि मग बॅटरीचे व्होल्टेज पाहा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. त्यानंतर मीटर तसेच लावून ठेवून कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा १० च्या वर राहिला तर बॅटरी भार पेलते आहे असे समजा, ९.६ च्याही खाली घसरला तर बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा, आणि तरीही घसरत असेल तर ती बदलण्याची वेळ झाली आहे.

आता ज्याकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होते ती चाचणी सांगतो. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर टेकवा. वरच्या क्लॅम्पवर नव्हे, मधल्या शिशाच्या खुंटावरच. लाल पिन इंजिनाच्या रंग नसलेल्या, स्वच्छ धातूवर घट्ट धरा आणि सेल्फ मारायला सांगा. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असू द्या. मफलर, ओढणी, मीटरच्या वायरी पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवा. परतीची वाट चांगली असेल तर मीटर ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवणार नाही. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसले तर तेवढी वीज सेल्फपर्यंत न पोहोचता खराब जोडात उष्णता होऊन वाया जाते आहे. याच पद्धतीने पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंतही मोजता येते, परंतु तेथे हात पोहोचणे अवघड असते आणि पान्याने शॉर्ट होण्याचा धोका असतो, म्हणून ते काम कारागिराकडूनच करून घ्यावे.

मीटर हाती येईपर्यंत एक सोपी खूण पाहून ठेवा. अंधारात गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करा, हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे अगदी मलूल झाले तर संशय बॅटरीवर. दिवे जवळजवळ तसेच राहिले आणि तरीही सेल्फ दमला, तर बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेवर किंवा सेल्फमध्ये. काही गाड्यांमध्ये सेल्फ मारताना हेडलाइट आपोआप बंद होतात. तसे असल्यास आतला दिवा पाहावा.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून कमी असतील तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारे जनित्र) किंवा त्याची वायरिंग पाहावी लागेल. डॅशकॅमबद्दलची आपली शंकाही रास्त आहे. गाडी बंद असताना घड्याळ, रिमोट वगैरेंसाठी ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज लागते, ती चालते. डॅशकॅम थेट बॅटरीवर जोडला असेल आणि २०० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला जवळपास ५ अँपिअर-तास जातात. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते, आणि आपला रोजचा प्रवास जवळचा असल्याने ती तूट भरून निघत नाही. हे मोजण्यापूर्वी गाडी लॉक करून किमान अर्धा तास जाऊ द्यावा, कारण गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोपी जायला तेवढा वेळ लागतो.

तोपर्यंत सलग पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. सतत मारत राहिल्याने चांगला सेल्फसुद्धा तापून खराब होतो. आकडे मिळाले की येथे लिहा.


उत्तर – निफाड_द्राक्षबाग

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. निफाडला जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली जातो. त्या दिवसांत पहाटे बागेत शेकोट्या पेटवण्याची आणि द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून ठिबक सुरू करण्याची धावपळ असते, आणि त्याच वेळी रांगडा कांदा भरून लासलगावला निघायचे असते. अशा वेळी पिकअप सुरू न होणे म्हणजे लिलावाला उशीर. प्रश्न पेट्रोलच्या गाडीचा असला तरी आपल्या भागातील अनेकांकडे डिझेलची वाहने आहेत, म्हणून त्यांच्यासाठी थोडे लिहितो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते, त्यामुळे सिलिंडर गार असेल आणि सेल्फ हळू फिरत असेल तर ती उष्णता पुरी पडत नाही. या कामाला मदत करण्यासाठी हीटर प्लग असतात. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारायचा असतो. घाईत हे पाळले जात नाही आणि मग बॅटरीच्या नावाने ओरड होते. फार गारठा असेल तर चावी बंद करून पुन्हा ऑन करावी व दिवा दुसऱ्यांदा विझू द्यावा.

एखादा हीटर प्लग जळालेला असेल तर गाडी सुरू होते, परंतु पहिले एक-दोन मिनिटे थरथरते आणि मागून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. तो धूर म्हणजे न जळालेले डिझेल. प्लगची वायर सोडवून प्लगचे टोक आणि इंजिनाची बॉडी यांच्यातील रोध मीटरने पाहावा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो. जळालेला प्लग काहीच दाखवत नाही. चारही प्लग एकदमच काम करत नसतील तर दोष बहुधा रिले किंवा फ्यूजमध्ये असतो, त्यामुळे चार नवे प्लग आणण्याआधी ते पाहावे. जुना प्लग काढताना जोर लावू नये; तो काजळीने धरलेला असतो आणि आत तुटला तर हेड काढण्याची वेळ येते. इंजिन कोमट असताना तो काढणे सुरक्षित असते.

‘थंडीने डिझेल गोठले’ असे आमच्याकडे सहज म्हटले जाते. प्रत्यक्षात थंडीत डिझेलमधील मेणासारखा घटक वेगळा होऊन फिल्टरमध्ये अडकू शकतो, आणि म्हणूनच भारतीय मानकात डिझेलच्या प्रवाहबिंदूची (ज्याच्या खाली डिझेल वाहत नाही त्या तापमानाची) मर्यादा उन्हाळ्यासाठी १५ अंश आणि हिवाळ्यासाठी ३ अंश अशी वेगवेगळी ठेवलेली आहे. उन्हाळ्यात टाकी भरून उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ही शंका घ्यायला जागा आहे. दर आठवड्याला पंपावर जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत जवळजवळ नाही. तेथे फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी आणि पाइपातून शिरणारी हवा ही कारणे अधिक संभवतात. हिवाळ्यापूर्वी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाकणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

दोन प्रकार मात्र कृपा करून कोणीही करू नयेत. टाकीखाली किंवा ऑइल चेंबरखाली कापडाचा पेटता बोळा धरण्याची पद्धत खेड्यांत अजूनही दिसते. त्यात गाडीही जाते आणि माणूसही. दुसरे म्हणजे हीटर प्लग असलेल्या इंजिनात हवेच्या पाइपातून ईथरचा स्प्रे मारणे. तापलेल्या प्लगवर ईथर वेळेआधीच पेटते आणि पिस्टन फुटू शकतो.


उत्तर – इंधन_आणि_इंजिन

मी वाहन अभियांत्रिकी शिकवतो. प्रश्नकर्त्यांच्या गाडीचा दोष विजेच्या वाटेवर आहे असेच मलाही वाटते. तरीही हीच लक्षणे समजून दुसऱ्याच आजाराच्या गाड्यांवर बॅटऱ्या बदलल्या जातात, म्हणून सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही या प्रकाराबद्दल लिहितो.

इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत कुलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो. इंजिन गार आहे असे त्याने सांगितले की इसीएम (इंजिनाचा नियंत्रक संगणक) पेट्रोल वाढवते, जुन्या गाड्यांत आपण चोक ओढत असू तेच हे काम. सेन्सर बिघडून गार इंजिनालाही ऐंशी अंश सांगू लागला तर इंजिन उपाशी राहते. सकाळी सुरू होत नाही आणि दुपारी उत्तम चालते. इशाऱ्याचा दिवा अनेकदा लागत नाही, कारण ऐंशी अंश हा आकडा इसीएमच्या दृष्टीने अशक्य नसतो. ओळखण्याची युक्ती अगदी सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला पहाटे ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे वाचणारे उपकरण) लावा, चावी केवळ ऑन करा आणि कुलंटचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान शेजारी-शेजारी पाहा. दोन्ही जवळपास सारखे असायला हवेत. हवा ९ अंश आणि कुलंट ४० अंश दिसले तर गुन्हेगार सापडला.

दुसरी शक्यता रात्रभरात पेट्रोलचा दाब उतरून जाण्याची. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक आवाज येतो. सेल्फ न मारता चावी दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारल्यास गाडी पटकन सुरू होत असेल, तर पंपाची झडप किंवा एखादा इंजेक्टर गळत आहे. सीएनजी बसवलेल्या गाड्यांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बहुतेक गाड्या थंडीत पेट्रोलवर सुरू होऊन इंजिन कोमट झाल्यावर गॅसवर जातात. ज्यांच्या टाकीत महिनोन्महिने तेच थोडेसे पेट्रोल पडून असते, त्यांना पहाटेच त्रास होतो, आणि दोष गॅस किटला दिला जातो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे थंडीत गाड्या सुरू होत नाहीत, असा प्रश्न अलीकडे मला वारंवार विचारला जातो. इथेनॉलचे वायूत रूपांतर व्हायला पेट्रोलच्या अडीच पटींच्या आसपास उष्णता लागते, त्यामुळे या शंकेला शास्त्रीय आधार आहे. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांना थंडीत सुरू होण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी द्यावी लागत असे. परंतु वीस टक्के मिश्रणात उरलेले ऐंशी टक्के पेट्रोलच असते, आणि नाशिकच्या आठ-नऊ अंशांत सुरुवातीला पेटण्याइतकी वाफ त्यातून सहज मिळते. जास्त काळजी पाण्याची घ्यावी. इथेनॉल पाणी शोषते, आणि प्रमाणाबाहेर पाणी मिसळले तर इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो, नेमका जेथून पंप इंधन उचलतो तेथे. म्हणून गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ रिकामी ठेवू नये आणि झाकणाचे रबर तडकले असल्यास बदलून घ्यावे.

ऑइलबद्दल : ‘डब्ल्यू’ च्या आधीचा आकडा थंड अवस्थेतील घट्टपणा दाखवतो. ५ च्या जागी १५ चे ऑइल घातल्याने नाशिकच्या थंडीत गाडी बंद पडणार नाही, पण सेल्फवरचा भार निश्चित वाढतो आणि सुरू झाल्यावर वरच्या भागापर्यंत ऑइल पोहोचायला अधिक वेळ लागतो. ‘गाडी जुनी झाली, जाड ऑइल घाला’ हा सल्ला पुस्तिकेपेक्षा मोठा मानू नये.

गरम करण्याविषयी : अर्धा ते एक मिनिट पुरेसे आहे, त्यानंतर पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिनावर जोर न देता चालवावे. जागेवर उभी गाडी फार हळू गरम होते, आणि त्या काळात जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. ज्यांची गाडी बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरात असते त्यांनी ती तेथे गरम करत मुळीच उभी ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि थंडीमुळे दारे-खिडक्या बंद असतात तेव्हा तो घरातही शिरतो.


पुढील माहिती – सोमेश्वर_परिसर

सर्वांचे मनापासून आभार. मीटर आणून सांगितल्याप्रमाणे पहाटे मोजमापे घेतली, ती लिहितो.

गाडी सुरू करण्यापूर्वी बॅटरी १२.३५ व्होल्ट होती. सेल्फ दमत फिरत असताना बॅटरीवर १०.६ व्होल्ट राहिले. हेडलाइट किंचित मंद झाले, मलूल मुळीच झाले नाहीत. त्यानंतर निगेटिव्ह खुंट आणि इंजिन यांच्यामध्ये मीटर धरले, आणि सेल्फ मारताच आकडा थेट १.८ वर गेला. पिन नीट टेकली नसेल असे वाटून जागा बदलून पाहिली, तरी तेच. मग क्लॅम्पवर पिन न टेकवता खुंट ते बॉडी मोजले तेव्हा ०.१ आले, म्हणजे बॅटरीपासून बॉडीपर्यंतची वाट स्वच्छ होती आणि अडथळा बॉडी व इंजिन यांच्यामध्ये होता. गाडी सुरू असताना बॅटरीवर १३.७ व्होल्ट दिसले.

ही नोंद घेऊन ओळखीच्या कारागिराकडे गेलो. गाडी लिफ्टवर घेतल्यावर बॉडी आणि गिअरबॉक्स जोडणारी विणलेली तांब्याची अर्थिंग पट्टी दिसली. बॉडीकडच्या बोल्टखाली हिरवट-पांढरी बुरशी धरावी तसा थर होता, आणि टोकाजवळच्या निम्म्याहून अधिक तारा तुटून लोंबत होत्या. हात लावताच त्यातल्या काही गळून पडल्या. पट्टी नवी घातली, दोन्हीकडचा धातू घासून चकचकीत केला. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच मोजमाप ०.१५ आले, आणि पहिल्याच प्रयत्नाला, मला ओळखीच्या असलेल्या सलग आवाजात गाडी सुरू झाली. बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जुनेच आहेत. चार्जिंगही आता १४.१ व्होल्ट दिसते.

डॅशकॅम गाडी बंद असताना १८० मिलिअँपिअर घेत होता. त्याची जोडणी चावीबरोबर बंद होणाऱ्या लाइनवर करून घेतली आहे.

आता दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. पट्टी खराब होती तर दुपारी गाडी व्यवस्थित कशी सुरू होत होती? आणि पहाटेच्या डायलिसिसच्या वेळेसाठी जंपर केबल गाडीत ठेवावी असे वाटते, ती जोडण्याची योग्य पद्धत कोणती?


उत्तर – अंबड_ऑटोइलेक्ट्रिक

मोजमापे उत्तम घेतली आहेत. खुंट ते बॉडी वेगळे मोजल्यामुळे कारागिराला शोधाशोध करावी लागली नाही.

दुपारचे कारण असे. खराब जोडात किती व्होल्टेज वाया जाते हे त्यातून किती विद्युतप्रवाह जातो यावर ठरते. पहाटे ऑइल घट्ट असते, त्यातून आपल्याकडे १५ चे ऑइल आहे, त्यामुळे सेल्फ जास्त प्रवाह मागतो. समजा १५० अँपिअर. १.८ व्होल्ट वाया जात होते म्हणजे त्या पट्टीचा रोध १२ मिलिओहम झाला, आणि सेल्फच्या वाट्याला नऊ व्होल्टसुद्धा येत नव्हते. दुपारी इंजिन सैल फिरते, सेल्फचे काम कमी प्रवाहात आणि एका झटक्यात होते, म्हणून तोच दोष झाकला जातो. साधा मीटर लावून पट्टीचा रोध मोजला असता तरी काही कळले नसते, कारण इतका लहान रोध तो दाखवू शकत नाही. प्रत्यक्ष भार असतानाच मोजावे लागते. चार्जिंगचा आकडा १३.७ वरून १४.१ वर गेला त्याचेही कारण हेच आहे : अल्टरनेटरचा प्रवाहही त्याच पट्टीतून परत जात होता. बॅटरी १२.३५ वर अडकली होती ती या कमी चार्जिंगमुळे आणि डॅशकॅममुळे. ती एकदा चार्जर लावून रात्रभर पूर्ण चार्ज करून घ्या, आणि त्यानंतर पहाटे १२.५ च्या खाली येते का ते आठवडाभर पाहा. येत नसेल तर ही बॅटरी आणखी वापरायला हरकत नाही.

जंपर केबलसाठी दोन्ही गाड्या बंद ठेवून लाल चिमटा प्रथम आपल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि मग दुसऱ्या गाडीच्या पॉझिटिव्हला लावा. काळा चिमटा दुसऱ्या गाडीच्या निगेटिव्हला लावून त्याचे शेवटचे टोक आपल्या इंजिनाच्या स्वच्छ धातूवर, बॅटरीपासून दूर लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडते. ती बॅटरीजवळ पडू नये एवढ्यासाठीच ही काळजी. दुसरी गाडी सुरू करून काही मिनिटे थांबा, मग आपली सुरू करा, आणि चिमटे उलट्या क्रमाने काढा. दोन गाड्यांच्या बॉडी एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात. केबल घेताना तांब्याची, जाड आणि वजनदार घ्या. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणाऱ्या केबलवर प्लॅस्टिक जाड असते आणि आत तांबे नावापुरते. धक्का मारून सुरू करण्याची सवय मात्र नको, कारण न जळालेले पेट्रोल एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

टर्मिनलवर पांढरा थर दिसला तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने धुवा, कोरडे करा आणि वर पेट्रोलियम जेली लावा. सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह. आणि ऑइल पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता, सोयीने या महिन्यातच ५डब्ल्यू-३० करून घ्या. डबा आपल्यासमोर उघडायला सांगा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.